नाव तेवढं बदललं

मखमलाबादच्या छायाचा जन्म झेंडूच्या वाफ्यात गेला, पण भाचीच्या शिक्षणाचं तिला कोण कौतुक. भावाची ही तेजस्विनी नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात तासांवर समाजशास्त्र शिकवायची. कोरोनात शोधनिबंध छापणाऱ्यांचीही लाट आली होती. ज्याला त्याला महामारीवरच लिहायचं होतं, तेही दुसऱ्याच्या आधी. गावोगाव फिरायला बंदी, मग विद्वानांनी घरबसल्या आपल्याच नात्यागोत्यात फोन लावले.

तेजस्विनीने आत्याला लावला. छायाचा नवरा मोतीराम तेव्हा नुकताच दवाखान्यात वारला होता. घरचे सगळे तापाने आडवे, रामकुंडावर कोण जाणार? दहावं झालंच नाही. सासू गोजराबाई लेकीकडे दिंडोरीला अडकलेल्या. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "कावळा शिवला का गं?"

"लगेच शिवला, आई," छाया म्हणाली. त्या शब्दावर म्हातारी सावरली. हे खोटं छायाने पोटात ठेवलं, बोलली ती फक्त भाचीजवळ, रडून रडून. "निबंधात तुझं नाव नाही येणार, आत्या," भाचीने सांगितलं होतं.

यंदा तेजस्विनी नोकरीत कायम झाली. हळदीकुंकवाला तिचा सत्कार करायचं छायानेच महिला मंडळात ठरवलं, सासूला हाताला धरून पुढच्या खुर्चीत बसवलं. तेजस्विनीबाईंनी उत्तरादाखल आपला गाजलेला निबंधच वाचला. मखमलाबादच्या झेंडूवाल्या शांताबाई, नवरा दवाखान्यात वारलेला, सासू दिंडोरीला. नाव तेवढं बदललं होतं, बाकी सगळी छायाच. न शिवलेला कावळाही आला. बायका माना वळवून बघू लागल्या.

छायाने भाचीला बाहेर गाठलं. "केसाने गळा कापलास गं माझा."

"नियमाप्रमाणे नाव बदललंय, आत्या. आणि किती जणांनी त्याचा संदर्भ दिलाय, माहितीये?"

छाया सासूला घ्यायला आत वळली. शिकलेल्या पोरीला लाज कुठून आणून द्यायची?

घरी गोजराबाई पायरीवरच बसल्या.

"खोटं बोललीस त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "माझ्या जिवासाठीच बोललीस. पन रडायला तुला ती पोरगी बरी सापडली. मी त्याची आई हाय ना? मला का नाय घेतलं रडायला?"

भाचीसाठी जमवलेल्या सगळ्या शिव्या छायाच्या तोंडातच राहिल्या.