'बघू'

भिगवण स्टेशनजवळच्या आमच्या शिंप्याला मोबाईलवरच्या गोष्टीच्या खेळाचा भारी नाद. चित्रातली माणसं प्रश्न विचारतात, आपण उत्तर निवडायचं, तशी गोष्ट वळते. नाही पटलं की हा मागं जाऊन दुसरं उत्तर दाबतो.

"झ्याक हाय, पण ह्यात 'बघू' म्हणायची सोय न्हाय वो," एवढीच त्याची तक्रार.

गिऱ्हाइकाला तो दुसरं काही म्हणतच नाही. माझा शर्ट दिवाळीपासून 'बघू'वर आहे.

परवा शर्टासाठी पुन्हा गेलो, तर त्याची लेक आली. "आबा, पुण्याला शिकायला जाऊ का?"

त्यानं कात्री खाली ठेवली.

"जा. न्हाय करमलं, तर मागं यायला गाडी हाय."

ती गेल्यावर मी शर्टाचं विचारलं.

"बघू," म्हणाला. कात्री मात्र अजून खालीच होती.