उत्तर न सांगणारा क्लास

माझी थोरली बहीण सत्यवती अक्का शिक्षकांच्या कॉलेजात सव्वीस वर्षं एकच विषय शिकवत होती: मूल शिकतं कसं. निवृत्त झाल्यावर तिनं मल्लेश्वरममधल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत क्लास काढला. क्लास चालवायचा तर गोड बोलावं लागतं, पालकांना झुलवावं लागतं. अक्काच्या अंगात यातलं काहीच नाही. तिच्याकडे होती चिकाटी आणि एक सिद्धांत, की उत्तर दुसऱ्यानं सांगितलं की मूल शिकायचं थांबतं. एवढ्या दोन गोष्टींवर धंदा उभा राहील असं तिला खरंच वाटत होतं. मी तिची चेष्टा करायचो, पण फळा मीच टांगला आणि नावनोंदणीही मीच करायचो.

गणितासाठी तिनं अवरेकाळूचे, म्हणजे आपल्या पावट्याचे, सुके दाणे आणले होते. दहा-दहा दाण्यांच्या वाट्या आणि थोडे सुटे. बावन्नातून सत्तावीस काढायचे तर सुटे पुरत नाहीत, एक वाटी रिकामी करावी लागते. हे मुलाला आपणहून सुचलं पाहिजे. तोवर अक्का गप्प. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही, कारण मुलं चेहरा वाचतात. पालकांनी प्रगती विचारली तर सरळ सांगायची, अजून काही नाही, विचार करतोय. अकरा मुलं होती, दोन वर्षांत एकच मुलगी उरली.

ती आठ वर्षांची अक्षरा. तिचे वडील सुहास नोकरीसाठी पुण्याहून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. त्यांनी कळवलं, शनिवारी येऊन एक गणित घालतो, जमलं नाही तर सोमवारपासून तिला मोठ्या क्लासला घालू. अक्का फक्त सरी, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. अक्षरा गेली की क्लास संपणार होता, आणि क्लासशिवाय अक्का दिवसभर काय करेल हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

शनिवारी सुहास लेकीसमोर बसले, मी त्यांच्या पाठीमागे दाराशी उभा. बावन्न वजा सत्तावीस. अक्षरानं पाच वाट्या मांडल्या, दोन दाणे बाजूला ठेवले आणि बघत बसली. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं. अक्का खिडकीबाहेर बघत होती. अक्षराचा हात एका वाटीवर गेला आणि तिथेच राहिला. सुहासनी फोन खिशात टाकला, आता ते उठणार हे मला दिसलं. तेवढ्यात अक्षरानं वर पाहिलं. मी दोन बोटं दाखवली, मग पाच.

तिनं वाटीवरचा हात काढून घेतला आणि पंचवीस म्हणाली.

सुहास एकदम खूश. अपार्टमेंटमधल्या आणखी दोघांना पाठवतो म्हणाले, जाताना अक्काच्या पाया पडले. मीही स्वतःवर खूश होतो, हे लाज सोडून सांगतो.

सोमवारी अक्कानं एकेचाळीस वजा अठरा घातलं. अक्षरानं वाट्या मांडल्याच नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड फिरवलं तर अक्काकडे. वीस मिनिटं तिनं दाण्यांना हात लावला नाही. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच.

बुधवारी तिला खाली सोडून मी वर आलो, तेव्हा अक्का वाट्या एकात एक घालत होती.

"नरसिंहा, आमची तोंडं बघायचं सोडायला तिला सात महिने लागले होते," ती म्हणाली.

"अक्का, ते उठून चालले होते."

"जाऊ द्यायचं होतंस. स्वल्प थांबला असतास तर तिनं ती वाटी ओतली असती."

त्याच संध्याकाळी तिनं सुहासना फोन केला, मुलीला मोठ्या क्लासला घाला म्हणाली. दोन नवीन पालकांचे फोन आले, त्यांना क्लास बंद झाल्याचं मी सांगितलं.

सुहास अधूनमधून रस्त्यात भेटतात. अक्षरा आता पटापट उत्तरं देते, तुमच्या अक्कांनी पाया पक्का केला, असं म्हणतात. घरी आल्यावर अक्का विचारते, कोण भेटलं का. मी कोणी नाही म्हणतो.