शिवानंदांच्या राउटरमधली चूक

मंगळवारी सकाळी माझे पती शिवानंद वारले. घरातलं इंटरनेट चालू राहिलं. ते बंद पाडायला मला आणखी बावीस दिवस लागले.

शिवानंद नेटवर्किंग शिकवायचे. घरातही पुढच्या खोलीत लोखंडी मांडणीवर त्यांची लॅब होती: एक राउटर, दोन स्विच, चार जुने संगणक आणि एक पंखा, जो माणसांसाठी नव्हता. मी ग्रंथपाल. सव्वीस वर्षांत मी त्यांच्या केबलला हात लावला नाही आणि माझ्या कपाटातून काढलेलं एकही पुस्तक त्यांनी जागेवर ठेवलं नाही. संसार असाच चालतो.

लॅब आवरून टाकायचा प्रश्न नव्हता, कारण राजेश्वरी. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करणारी ही तिशीतली बाई रोज सकाळी सात वाजता सरावाला यायची. तिची परीक्षा शनिवारी होती, दुसऱ्यांदा. "परीक्षा होईपर्यंत लॅब चालू राहील," असा शब्द शिवानंदांनी तिला दिला होता. तो आता माझ्याकडे आला होता.

बाविसाव्या दिवशी, परीक्षेच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी मी त्यांची वही वाचत होते (त्या दिवसांत दुसरं काही वाचवत नव्हतं). राउटरला केबल एकच. तिच्यातून तीन वाटा जायच्या: घराची, लॅबची आणि वरच्या भाडेकरूंची. कोणता निरोप कुठल्या वाटेचा हे कळावं म्हणून प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी. राउटरमधल्या या वाटांना सबइंटरफेस म्हणतात, हे मला वहीनेच सांगितलं. पुढे लिहिलं होतं: सबइंटरफेस दहा, चिठ्ठी तीस. सबइंटरफेस तीस, चिठ्ठी दहा.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत मला सापडलेली शिवानंदांची पहिली चूक! आणि दाखवायला शिवानंद नाहीत. दहाच्या कपाटात तीसचं पुस्तक दिसलं तर ग्रंथपाल काय करतो? जागेवर ठेवतो.

वहीत पासवर्डपासून सगळं होतं. मी दहाला दहाची चिठ्ठी दिली. राउटरने नकार दिला. तो आकडा दुसऱ्याकडे आहे म्हणाला. रास्त होतं. मग मी दोघांच्याही चिठ्ठ्या काढून टाकल्या. त्यांच्याबरोबर दोघांचे पत्तेही गेले (हे वहीत नव्हतं!). ते मी पुन्हा भरले. वहीत एक वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं होतं: काम झालं की सेव्ह करायला विसरू नये. मी विसरले नाही. विसरले असते तर राउटर बंद करून चालू केल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिली हाक सासूबाईंची आली. मुलगा गेल्यापासून अव्वा टीव्ही बघत नव्हत्या, नुसता लावून बसायच्या. घरात आवाज हवा म्हणून.

"काय ग, टीव्ही नुसता गोल गोल फिरायलाय की!"

"होईल चालू, अव्वा."

"एन माडिदी?" काय केलंस, हे विचारायला अव्वांना कन्नडच लागतं.

"दुरुस्ती."

"बिघडलं हुतं का?"

"नाही."

अव्वांनी माझ्याकडे बघितलं आणि रिमोट पदराखाली घेतला.

झालं होतं असं. लॅबच्या वाटेला शिवानंदांनी बाहेरचं इंटरनेट बंद ठेवलं होतं, शिकणाऱ्यांचं लक्ष उडू नये म्हणून. आकड्यांच्या अदलाबदलीत घर त्या वाटेवर आलं. म्हणजे वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी अव्वांचा नेटवर्किंगच्या वर्गात प्रवेश झाला होता!

भाडेकरूंची वाट मात्र उत्तम चालू होती. म्हणून ती कशी चालते ते बघायला मी तिच्यात शिरले. पाचच मिनिटांत वरच्या शकीलाभाभी जिन्यात आल्या.

"भाभी, नेट कायकू गया जी? अब्बी तो था!"

"मी तपासतेय."

"तो तपासो नक्को ना!"

गुरुवारी सातला राजेश्वरी आली, संगणकासमोर बसली आणि राउटर तपासायला लागली.

"अम्मो! मॅडम, कुणी केलं हे?"

अव्वांचं नाव घ्यावं असं क्षणभर मनात आलं. "मी. सरांची चूक होती, ती काढली."

"चूक नव्हती ओ ती! दहा, तीस ही वाटांची नुसती नावं. चिठ्ठीशी जुळायलाच पायजे असं नाही. सरांनी मुद्दाम उलटं ठेवलेलं. जुळतं ठेवलं की तुम्ही न बघता पाठ करता, म्हणायचे."

सव्वीस वर्षांत मला सापडलेली त्यांची एकुलती एक चूक, तीही खरी निघाली नाही. बावीस दिवसांत पहिल्यांदा मला शिवानंदांचा राग आला. बरं वाटलं.

राजेश्वरीने कारखान्यात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि मोजत मोजत काम सुरू केलं. चिठ्ठ्या उलट्या, दोन. घराच्या पत्त्यात आकडा चुकलेला, तीन. भाडेकरूंची वाट चक्क बंद करून ठेवलेली, चार. सातापर्यंत गेली. नऊ वाजता टीव्ही बोलायला लागला. शिवानंदांचा शब्द पाळायचा राहिलाच होता. परीक्षेला दोन दिवस असताना तिची एक सकाळ मी खाल्ली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मॅडम, उद्या परत बिघडवता का?"

"काय?"

"परीक्षेत असंच असतंय. बिघडलेलं देतात, आपण शोधायचं. मागच्या टायमाला मी ह्यातच गेले. सर तासभर विचार करून तीन चुका घालायचे, पण त्यांचा विचार मला कळायला लागलेला. तुमचा कळतच नाही."

"का?"

"विचारच नाही ना त्यात!"

संध्याकाळी मी पुन्हा बसले. मुद्दाम काही बिघडवता येईना, म्हणून कालच्यापेक्षा नीट करायचा प्रयत्न केला. शुक्रवारी राजेश्वरीला अकरा चुका सापडल्या.

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, पास! पेपर लई सोपा होता. तुमच्यापेक्षा लई सोपा!" मग ती रडायला लागली, आणि मीही.

आता सकाळी लॅबमध्ये राजेश्वरी शिकवते. चार जण येतात. घराची आणि भाडेकरूंची वाट तिने अव्वांच्या हट्टामुळे वेगळ्या राउटरवर नेली आहे. त्याचा पासवर्ड मला सांगितलेला नाही. लॅबचा राउटर माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी तो दुरुस्त करते. सकाळी चौघांना काम पुरतं.