आईकडून मुलीकडे

संशोधक बाई आईच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीचा अहवाल घेऊन घरी आल्या, तेव्हा आईने त्यातला नकाशा डोळ्यांजवळ धरला आणि समुद्रावरच्या बाणावरून बोट फिरवलं. बाई सांगत होत्या, "आजी, तुमचा हा वारसा फार दुर्मीळ आहे. तो फक्त आईकडून येतो. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून कुणी बाई आपल्या किनाऱ्यावर आली असावी."

"एवढं लांबचं कळतं, तर माझ्या आईचं माहेरचं नाव सांगा ना."

आईला जन्म दिल्यावर बाराव्या दिवशी माझी आजी गेली. सासरी ठेवलेलं नावच तेवढं मागे राहिलं. बाई ओशाळून म्हणाल्या, "ते यातून नाही हो कळत."

मी विचार करत होते, किती दुष्काळ, किती साथी, किती बाळंतपणं. तरी दर पिढीत एक तरी मुलगी जगली, आई झाली.

"आता पुढे?" आईने विचारलं.

"मुलग्यांमध्ये हा वारसा येतो, पण त्यांच्या मुलांमध्ये जात नाही."

मला दोन्ही मुलगेच. धाकटी बहीण सुमन सोळाव्या वर्षी तापाने गेली. आईने माझ्याकडे बघितलं. मला तिच्या नजरेला नजर देववेना.

मग तिने बाईंच्या हातातल्या वंशावळीच्या कागदाकडे बोट केलं.

"माझ्या खाली हिचं एकटीचंच नाव आहे. शेजारी सुमन लिहा. नीट लिहा, पुसू नये असं."