होडी बांधायला जागा

भंडारदऱ्याच्या धरणावर मी पाणीपातळी मोजायच्या कामावर होतो, त्या वेळची ही गोष्ट. एकाहत्तर साल असेल. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर जायचं, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच काम. कॉलनीतल्या बाकीच्या खोल्यांत कुटुंबं राहत होती, मी एकटा. आई आदल्या वर्षी गेली होती. कोकणातलं घर बंद करून भाऊ मुंबईला निघून गेला होता. त्यामुळे सुट्टी मिळाली तरी जायचं कुठं, हा प्रश्नच होता. रविवार मला नकोसा वाटायचा.

पावसाळा संपता संपता आमच्या साहेबांची बदली झाली. त्यांनी हौसेनं एक लहानशी शिडाची होडी करून घेतली होती, दोन माणसं बसतील एवढी. जाताना म्हणाले, "तुम्ही कोकणातले. तुम्हाला शीड कळतं. ठेवा तुम्हीच." माझे वडील जन्मभर मचव्यावर होते आणि पंधराव्या वर्षापर्यंत मीही त्यांच्याबरोबर सुकाणू धरलं होतं. साहेबांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

नवे साहेब शिस्तीचे. धरणाच्या पायऱ्यांशी फक्त खात्याची लाँच राहील, खाजगी होडी महिन्याभरात हलवा, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं चुकीचं नव्हतंच. मी जागा शोधायला लागलो.

पहिली जागा विश्रामगृहाच्या खाली होती, खोलीपासून दहा मिनिटांवर. एका रविवारी होडी तिथं बांधून बघितली. दुपारनंतर घाटाकडून वारा सुटला, तो सगळ्या तलावाची लांबी धावत थेट तिथंच येऊन आपटला. लाटांनी होडी खडकावर घासत राहिली. संध्याकाळी गेलो तर एका बाजूच्या फळीचा रंग पार निघाला होता.

दुसरी जागा अलीकडच्याच काठावर, एका वाडीजवळ होती. पाणी आत शिरून तिथं छान शांत कोपरा झाला होता. मी दोरानं खोली मोजत होतो आणि एक बाई कपडे धूत माझ्याकडं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "काय करताय सायेब?"

"होडी ठेवायला जागा बघतोय."

"माघात या, मंग बघा. हितं नुस्ता चिकूल अस्तो."

पाणी किती उतरतं ते रोज वहीत लिहिणारा माणूस मी, आणि हे मला एका धुणं धुणाऱ्या बाईनं सांगावं लागलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी शीड उभारून पलीकडच्या काठाला गेलो. तिथं डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली होती, तिच्या आड वारा लागत नव्हता. वर एकच झोपडी होती. खडकावर एक म्हातारा बसला होता, समोर तीन-चार शेळ्या चरत होत्या. मी खोली मोजायला दोर सोडला तसा तो म्हणाला, "हितं लई खोल हाय. दोर पुरनार न्हाई."

"तुम्हाला काय माहीत, बाबा?"

"आमचंच वावर हुतं ते. उतरनीचं." त्यानं हातानं दाखवलं. "हितनं बांध सरळ खाली जायाचा. त्याच्याखाली विहीर. तितनं म्होरं आमचं घर. धरन झालं तवा मी इशीत हुतो."

मग त्यानं मला पाण्याखालची सगळी जमीन सांगितली. खडक कुठं आहे, कुठं गाळ बसला असेल, कुठं चिंचेचं खोड असेल. माझ्या खात्यातल्या नकाशांत यातलं काहीच नव्हतं. सोंडेच्या कडेला उतार तीव्र होता, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी फार लांब जाणार नव्हतं. दोर थोडा सैल सोडत राहिलं की झालं.

"ठिवा हितंच," तो म्हणाला. "पन मंग तुमी हितं येनार कसं?"

प्रश्न खरा होता. होडीपर्यंत पोचायला होडीच हवी होती, नाहीतर तलावाला वळसा घालून दोन तास चालायचं. तरी मी तीच जागा घेतली.

त्यानंतर दर रविवारी उजाडताच निघायचो. पोचेपर्यंत अंगातून घाम निथळायचा. म्हातारा खडकावर असायचा. त्याची बायको वारली होती, मुलगा श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यात लागला होता. मी तासभर शीड लावून हिंडायचो आणि परत येऊन त्याच्याजवळ बसायचो. तो नागलीची भाकरी द्यायचा, मी राजूरच्या बाजारातून आणलेली शेव पुढं करायचो. आम्ही फारसं बोलायचो नाही. पण आठवडाभर कुणाला काही सांगावंसं वाटलं, तर ते मी रविवारसाठी ठेवून द्यायचो.

कार्तिकात एकदा तो आपणहून म्हणाला, "मला न्ह्या एकडाव." मी शीड न लावता वल्हं मारत निघालो. तो पुढं बसून हातानं दिशा दाखवत होता. "डावीकडं. आजून. बास, थांबवा." होडी थांबली. "हे आमचं दार." त्यानं पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वारा होडीला हळूहळू बाजूला नेत होता आणि मी पुन्हा पुन्हा वल्हं मारून ती तिथंच धरून ठेवत होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस कमी, खालून पाण्याची मागणी जास्त. माझ्या वहीतला आकडा रोज उतरत गेला. पुढच्या चैत्रात एका रविवारी गेलो तर म्हातारा खडकावर नव्हता. खाली, पाणी हटलेल्या जमिनीवर, एका चौकोनी जोत्यावरचा गाळ तो झाडाच्या फांदीनं लोटत होता. त्याचं घर वर आलं होतं.

मी बाह्या सारून मदतीला गेलो. त्यानं मान वर केली. "ऱ्हाऊ द्या सायेब. माझं मी करतो."

रागानं नव्हे, पण मी तिथं नको होतो हे स्पष्ट होतं. मी मागं फिरलो. होडी चिखलात कलंडली होती, तिच्या काठावर जाऊन बसलो. पुढचे दोन-तीन रविवार असेच गेले. तो जोत्यावर बसलेला असायचा, मान हलवून ओळख द्यायचा, बस्स. दोन तास चालत यायचं, थोडं बसायचं, दोन तास चालत परत जायचं. पाण्याची खोली आणि वाऱ्याचा आडोसा बघून मी ही जागा निवडली असं इतके दिवस समजत होतो. तसं नव्हतं, हे तेव्हा कळलं.

एके दिवशी तोच माझ्याकडं आला. होडीच्या फळीवर बोट फिरवून म्हणाला, "वाळून फाटंल ही. पान्यात न्ह्या." सोंडेपलीकडच्या वाडीतले दोघं जण बोलावून आम्ही ती ओंडक्यांवरून ओढत खाली नेली. म्हातारा पुढं चालत होता. "हिकडं नगं, विहीर हाय. हितनं या." पाण्याच्या कडेला एक दगडी खांब अर्धा गाळातून वर आला होता. त्यानं माझ्या हातातला दोर घेतला आणि खांबाला गाठ मारली. "आमचा गोठा. हितं बैलं बांधायचो." ती गाठ खलाशाची नव्हती, पण सुटणारी नव्हती.

वैशाखात माझी बदली नेवाशाला झाली. सांगायला गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "लांब हाय का?"

"आहे. पण प्रवरेच्याच काठी."

"म्हंजी ह्येच पानी."

"हो, हेच."

"पानी चढंल तशी होडी वर वर आनीन," तो म्हणाला. "तुमी या कवा बी."

नेवाशाला मी त्याला पत्र टाकलं नाही. त्याला वाचता येत नाही, असं मी स्वतःला सांगत असे, पण कुणी ना कुणी वाचून दाखवलं असतं. दिवाळीत भंडारदऱ्याचा एक सहकारी भेटला. पलीकडं वर, झाडाखाली एक होडी पालथी घातलेली दिसते, एवढं त्यानं सांगितलं. म्हाताऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "कुठला म्हातारा?"

पुढं माझं लग्न झालं. बायकोला एकदा भंडारदरा दाखवायला नेलं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून मी तिला पलीकडचा काठ दाखवला. झोपडी एवढ्या लांबून दिसत नव्हती. "जाऊ या का तिकडं?" तिनं विचारलं. चालत दोन तास लागतात, असं मी सांगितलं. मग आम्ही चहा घेतला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.