पानांना उठवताना

दादाला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचा काळा ऊलाँग, पानं वळून गोळ्या केलेला चिनी चहा, वहिनी अजून करते. काल दुपारी माझ्यासमोर तिने पहिलं पाणी ओतून टाकलं. म्हणाली, "ते नुसतं पानांना उठवायला."

निखाऱ्यावर भाजलेल्या काळ्या गोळ्या गरम पाण्यात उलगडत गेल्या आणि देठासकट अख्खी पानं झाली. एकावर किडीने कुरतडल्याची खूणही तशीच होती. घोट धुरकट लागला. कप रिकामा झाल्यावर मात्र घशात गोडवा परत आला. इतकं भाजूनही काही संपत नसेल का?

"अजून दोनतीनदा उठतील," वहिनी म्हणाली.

"राहू दे, वहिनी. निजू देत आता."

तिने पाणी पुन्हा उकळत ठेवलं, आणि दाराशी जाऊन दादाच्या चपला जरा सरळ केल्या.