बापटांची रिकामी कुंडी

आज सकाळी बापटांच्या रिकाम्या कुंडीत एक हिरवा कोंब दिसला आणि मी झारी हातात धरून तसाच उभा राहिलो.

बापट म्हणजे आमचे शेजारी. ते गेल्यावर वहिनींनी त्यांचे सगळे निवडुंग माझ्या गॅलरीत पाठवले. माझी झाडं पाण्याने कुजतात, हे बापटांचं ठाम मत होतं आणि दुर्दैवाने ते खरं होतं. म्हणून आजारपणात त्यांनी प्रत्येक कुंडीत माझ्यासाठी चिठ्ठी खोचून ठेवली होती. ‘बोट घालून बघा. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा.’ ‘हा वाळलेला नाही, असाच दिसतो. तुम्हीही तसेच दिसता.’ माणूस गेला तरी टोमणे चालूच! मी ही झाडं प्रेमाने सांभाळतो असं लोक म्हणतात. खरं तर धाकाने सांभाळतो.

शेवटच्या कुंडीत नुसती माती होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘यात काही लावलेलं नाही. हिला रोज पाणी घाला, म्हणजे बाकीचे वाचतील.’ मी रागारागाने रोज घालत राहिलो. बाकीचे खरंच वाचले.

आणि आता तिच्यात हे उगवलंय. तण आहे की झाड, मला कळेना. शेवटी मीच एक चिठ्ठी लिहून शेजारी खोचली, ‘बापट, हे काय आलंय?’ आणि सवयीने जरा जास्तच पाणी घातलं.